माप घेणारी माणसं

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आमच्या बूट कारखान्याचा शिलाई विभाग मागच्या महिन्यात बंद झाला, हे तुला कळवलंच होतं. परवा दोन अनोळखी माणसं टेप घेऊन आमच्या चामडं कापायच्या कटिंग विभागात आली आणि यंत्रांभोवतीची जागा मोजून गेली. का, ते कुणी सांगितलं नाही. मॅनेजरसाहेब हल्ली समोरून आले की मोबाइलमध्ये डोकं घालतात. जेवणाच्या सुट्टीत जितकी तोंडं तितक्या बातम्या. मला काम शिकवणारे शेजारच्या यंत्रावरचे काका डबा न उघडताच घरी नेतात. केवढा हसरा माणूस! आता नुसती हाक मारली तरी दचकतात.

पिल्लांना पापा. मोठ्यांना नमस्कार सांग.

तुझा,
बोक्या

८ मार्च

चि. बोक्यास,
अ. उ. आ.

लहानपणी विंचू बघायला फडताळात हात घालणारा तू, आणि साहेबाला एक प्रश्न विचारायला बोबडी वळते? तुझे भाऊजी म्हणतात, गप्प राहणाराच टिकतो. त्यांचं मनावर घेऊ नकोस, ते माझ्यापुढे गप्प राहूनच टिकलेत. सरळ जा आणि विचार. वाईट तर वाईट, पण एकदा कळू दे. काकांना बळेच दोन घास भरव. तूही जेवत जा.

काळजीत,
ताई

१९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.



तुझं ऐकून गेलो होतो. साहेब कामात आहेत म्हणून शिपायाने दारातूनच परत पाठवलं. सोमवारी काका यंत्रापाशी कोसळले. अर्धांगाचा झटका. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. त्यांना दवाखान्यात पोचवून आलो तो शिपायाला बाजूला सारून तडक आत शिरलो आणि कटिंग कधी बंद करताय, ते विचारलं.

 बंद कुठे, साहेब म्हणाले, जमीन खचलीय म्हणून नवी फरशी घालायची आहे. कटिंगमधल्या कुणालाच काढायचं नव्हतं. मग हे आम्हाला का नाही कळलं, विचारलं, तर म्हणाले, सांगायचं राहून गेलं.

ताई, मग मी त्यांना काकांचं सगळं सांगितलं. 

संध्याकाळी साहेब माझ्याबरोबर दवाखान्यात आले. चेहरा पांढराफटक. दारातच हळू आवाजात काकूंना फरशीचं सांगू लागले.  काकूंनी काकांच्या उशाशी खुर्ची सरकवली आणि म्हणाल्या, मला नको, त्यांना सांगा. ऐकू येतं त्यांना.

तुझी माया असू दे.

तुझा,
बोक्या