पहिलं पाणी

प्रिय टाचणी,

'प्रिय' लिहायचं की नुसतं 'टाचणी', यावर चहा गार होईपर्यंत विचार केला. शेवटी शाळेत लागलेली सवय जिंकली. वकिलांच्या कचेरीत जन्मभर नोटिसा टाईप केल्या, त्यांतही वर 'महोदय' असायचं आणि खाली त्याच महोदयांची सालं काढलेली असायची. तेव्हा 'प्रिय'वर फार विसंबू नकोस. फोनच करणार होते, पण फोनवर तू मध्येच बोलतेस आणि या वेळी मला कुणी मध्ये बोललेलं नको आहे.

तुझी मालिका पाहिली. माझी सून तुझी भक्त. लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगते, "आमच्या आईंच्या वर्गमैत्रिणीने लिहिली आहे ही!" जणू एका बाकावर तुझ्या शेजारी बसले, एवढीच माझी आयुष्यातली कमाई. तिच्या आग्रहाखातर मी पहिल्या भागापासून बसले. चंद्रदेवीचं राज्य, बोलणारे डोंगर, मधूनच पेट घेणारी तळी. तुझ्या राजपुत्राचं मुंडण एका धर्मातलं, गळ्यातली माळ दुसऱ्यातली, गुडघे टेकणं तिसऱ्यातलं आणि भावाभावांचं भांडण मात्र कुठल्याही सोसायटीच्या मीटिंगमधलं. जगातल्या सगळ्या देवघरांत घरफोडी करून तुम्ही कपडेपट भरलेला दिसतो. तरी मी गप्प बसून पाहत होते. सुनेला बरं वाटत होतं, आणि खोटं कशाला बोलू, संवाद तू बरे लिहितेस.

मग तो प्रसंग आला. लढाई संपली आहे, देवीच्या सेविका रक्ताची कापडं धुताहेत. म्हातारी सेविका पहिलं पाणी मोरीत सोडू देत नाही. ती बादली उचलते, मागच्या झाडाच्या मुळाशी हळूहळू ओतते, आणि रिकाम्या बादलीच्या काठावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करते. माझ्या हातातला घास हातातच राहिला. सून विचारत होती, "आई, काय झालं? पाणी देऊ का?" मला पाणीच नको होतं, नेमकं.

तुला वाटलं असेल, हे कुणाला कळणार. मला कळलं. आपल्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर खळ. कडक खळ घातल्यासारख्या ताठ चालायच्या म्हणून आपणच ठेवलेलं नाव, तेही तूच ठेवलंस. चॅपलमधल्या वेदीवरची कापडं त्या स्वतः धुवायच्या. पहिलं पाणी त्या कापडांतून पवित्र होऊन येतं, ते गटारात जाता कामा नये, म्हणून ते लिंबोणीच्या मुळाशी जायचं. आणि ओतून झालं की काठावर दोन टकटकी. त्यानंतरच दुसरं पाणी.

मुलाखतीत तू म्हणालीस, ही जगातल्या सगळ्या श्रद्धांना मानवंदना आहे. छान. मानवंदना ज्याची त्याच्यासमोर उभं राहून देतात. मागच्या दाराने शिरून त्याची बादली उचलून आणणं याला दुसरा शब्द आहे आणि तो मी नोटिसांत इतक्यांदा टाईप केला आहे की बोटं आपोआप वळतात. ज्या बायकांनी हे काम आयुष्यभर श्रद्धेने केलं, त्यांच्या हाताशी तू एक उडता साप बसवलास. मालिकेच्या शेवटी नावांची केवढी रांग धावते, सापाला रंग देणाऱ्याचंसुद्धा नाव त्यात आहे. सिस्टरचं नाही.

हे सगळं मी सुनेला ऐकवलं, तर ती शांतपणे म्हणते, "पण आई, तुम्ही तरी कुठे त्या धर्मातल्या? ज्यांचं आहे ते काही बोलत नाहीत, तुम्हालाच का एवढं लागलंय?" मी तिला ताटं उचलायला सांगितली. दुसऱ्या दिवशी माजी विद्यार्थिनींच्या ग्रुपवर लिहिलं, आणि लगेच सगळ्याजणी पेटल्या. तुझ्यावर पेटायला निमित्तच शोधत होत्या म्हण. चॅनेलकडे तक्रार करायची, तो प्रसंग काढायला लावायचा, असं ठरलं. मसुदा अर्थातच माझ्याकडे आला. मी फार सुंदर तक्रार टाईप केली, टाचणी. तुलासुद्धा आवडली असती.

पण टाईप करताना एक गोष्ट टोचत राहिली. तक्रार बिनतोड असावी म्हणून मी जवळच्या चर्चमधल्या फादरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, पहिलं पाणी मातीत ओततात हे बरोबर. टकटक? ते हसले. तसं काही नसतं बाई, कुठेच नसतं. म्हणजे तू ते पुस्तकातून घेतलेलं नाहीस. तू ते पाहिलं आहेस. चॅपलच्या मागच्या खोलीत, त्या बादलीपाशी तूही उभी होतीस.

आता ऐक. नाटकात राणी तू व्हायचीस. वक्तृत्वाची ढाल तुझी, निबंधाच्या वहीवर तारा तुझा, मदर सुपीरियर पाहुण्यांना दाखवायच्या ती मुलगी तू. मला तर नाटकाच्या घोळक्यातूनही काढलं होतं, मागे उभं राहून माझाच आवाज पुढे येतो म्हणून. त्या शनिवारी तुम्ही सगळ्या तालमीला गेलात आणि मी व्हरांड्यात पायरीवर बसले होते. सिस्टर आल्या, माझ्याकडे पाहिलंही नाही, नुसत्या म्हणाल्या, "रिकामी बसलीस ना? चल, बादली धर." पुढे दर शनिवारी मी बादली धरली. ओतायला त्यांनी फक्त मला दिलं, असं मी समजत होते. लग्न झालं, मुलगा झाला, नवरा गेला, नोकरी संपली, पण कधी फारच कमीपणा वाटायला लागला की मनात म्हणायचे, एक गोष्ट तर माझी एकटीची आहे. आख्ख्या शाळेतून मला मिळाली होती ती एक बादली. आणि ती तू टीव्हीवर दाखवलीस, तेव्हा मला कळलं की तीही तुझीच होती.

तक्रारीखाली सिस्टरची सही घ्यायची म्हणून मी गेले. तुला माहीत नसेल, त्या अजून आहेत. म्हाताऱ्या सिस्टरांच्या घरात असतात. लोखंडी खाट, एक खिडकी, आणि उशाला पाण्याचं भांडं. खळ उतरली आहे सगळी, आता उशीसारख्या मऊ झाल्यात. डोळ्यांनी कमी दिसतं म्हणून मी फोन त्यांच्या नाकाशी धरला. तो प्रसंग पाहिला. पुन्हा लाव म्हणाल्या. पुन्हा लावला. टकटक ऐकून इतक्या हसल्या की खोकला लागला आणि नर्स धावत आली. मी म्हटलं, "सिस्टर, हसताय काय, चोरी आहे ही!" तर म्हणाल्या, "अगं, ती टकटक मीच चोरली होती." त्यांच्या लहानपणी गल्लीतल्या नळावर धुणं धुणारी एक बाई यायची. तिचा देव वेगळा, प्रार्थना वेगळी. पाणी ओतलं की बादलीला टकटक करून म्हणायची, जा आता, झालं तुझं काम. "मला आवडलं, मी घेतलं. तिला विचारलं नाही, वेदीलाही विचारलं नाही. आता याला चोरी म्हणायचं की मान, ते तूच टाईप कर."

मला त्या बाईशी काही घेणंदेणं नव्हतं. मी विचारलं, टाचणीला कधी शिकवलंत? म्हणाल्या, "बुधवारी. ती रडत यायची, तिला काहीतरी हातात द्यायला हवं होतं." का रडायची, ते सांगितलं नाही. ते तिचं आहे म्हणाल्या. मग मी विचारलं, माझ्याबद्दल तिला सांगितलं होतंत का? तर म्हणाल्या, "कशाला? बादली धरणाऱ्या प्रत्येकीला ती तिचीच वाटायला हवी." म्हणजे दोघीच होतो का चार होतो, देव जाणे.

घरी येताना बसमध्ये मला दोन गोष्टींचा राग येत होता. एक, तुला बुधवार मिळाला होता. दुसरी जास्त वाईट: एका बाकावर, कोपराला कोपर लावून बसत होतीस, आणि रडायला सिस्टरकडे गेलीस. मला म्हटलं असतंस तर मी काय शाळाभर सांगितलं असतं? बरं, सांगितलं असतं कदाचित. पण तू विचारून तर पाहायचंस.

तक्रार पर्समध्ये आहे. सिस्टरनी सही केली नाही, मग मीही ग्रुपवर कळवून टाकलं की विषय संपला. हे पत्र मात्र मी माझ्या मनाने लिहिलेलं नाही, त्यांनी लिहायला लावलं. तुझी ती म्हातारी सेविका गप्प राहून धुते, ते त्यांना पटलं नाही. धुताना त्या तोंड मिटून एक चाल गुणगुणायच्या, आठवतं? टाचणी ती चाल विसरली म्हणाल्या, आणि आता त्यांच्याशिवाय ती कुणालाच येत नाही. मी म्हटलं, मला शिकवा, मी कळवते तिला. त्यांनी माझा हात थोपटला आणि म्हणाल्या, "तुला सूर नाही गं बाळा. तिला बोलाव." डॉक्टर फार दिवस देत नाहीत. पत्ता पाकिटाच्या मागे लिहिला आहे. लवकर ये, खिडकीकडच्या बाजूने बस, त्या कानाने त्यांना बरं ऐकू येतं. कधीही ये, फक्त गुरुवारी येऊ नकोस. गुरुवारी मी जाते.

नाइलाजाने का होईना, पण तुझीच,
भोंगा