झुंबरबाईंच्या मुठीतली हळद

२ नोव्हेंबर, रविवार

साखरखेर्ड्याला जुनं पिस्तूल पाहायला जाऊन आलो. मुलगी मलिहा गाडीवर मागे होती. तेवीस तारखेला तिची नेमबाजीच्या संघाची निवड चाचणी. क्लबात पिस्तूल एक, मुली पाच. स्वतःचं असल्याशिवाय हात बसत नाही, असं ती वर्षभर म्हणते आहे. नवं परवडत नाही. जुन्यातलं मला कळत नाही — जानेफळच्या कॉलेजात मी मराठी शिकवतो.

विकणाऱ्या उत्तमरावांनी पिस्तूल कापडातून काढून खाटेवर ठेवलं. दहा मीटरवरच्या नेमबाजीचं, हवेवर चालणारं. मी प्रश्नांची यादी करून नेली होती. किती वर्षं वापरलं? उत्तमरावांनी दाराकडे पाहिलं. तिथं त्यांच्या पत्नी झुंबरबाई तूर निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता सहा म्हणून सांगितलं. दुरुस्ती? पुन्हा दाराकडे. एकदा, रबर बदललं. माणूस सज्जन, पण आपल्याच वस्तूची काही आठवण नाही! मनात फुली मारली.

लाकडी मुठीच्या खाचांत पिवळे डाग. तेही टिपून ठेवलं.

किंमत सांगेनात. आठ दिवस घेऊन जा, वापरून पाहा, मंग बोलू, एवढंच.

हवेची नळी भरलेली; तिच्यावर दाबाचा काटा. काटा १८०.

३ नोव्हेंबर

काटा १८०. कॉलेजात जाण्याआधी पाहिला, आल्यावर पाहिला. क्लबच्या सरांनी सांगितलं आहे — दोन दिवस न वापरता ठेवा. काटा उतरला तर नळी हवा सोडते. घेऊ नका.

४ नोव्हेंबर

१८०. बायको आयशा म्हणते, एवढ्यांदा तुम्ही माझा ताप कधी पाहिला नाही.

६ नोव्हेंबर

मलिहानं क्लबात पन्नास छर्रे मारले. शेवटचं कार्ड घरी घेऊन आली. दहा छर्ऱ्यांचं मिळून एकच भोक, रुपयाच्या नाण्याएवढं. मूठ हातात अशी बसते की सोडवत नाही, म्हणाली. हे विचित्र आहे. उत्तमरावांचा पंजा फावड्याएवढा!

आयशानं मूठ नाकाशी नेली. “हळद आहे ही,” म्हणाली. “तुमच्या उत्तमरावांचं नाही हे.”

७ नोव्हेंबर

चापाची परीक्षा. पिस्तूल उभं धरायचं, चापाला अर्धा किलो वजन लटकवायचं. चाप सुटता कामा नये. सुटला तर स्पर्धेतून बाद.

शेजारच्या किराणा दुकानातून लोखंडी वजन आणलं. थैलीत घालून लटकवलं. सुटला. तीनदा केलं, तिन्ही वेळा सुटला.

मलिहा जेवली नाही. रविवारी परत करतो.

९ नोव्हेंबर, रविवार

परत करायला गेलो. चापाचं सांगितलं. उत्तमरावांनी दाराकडे पाहिलं. झुंबरबाई उठल्या, पदराला हात पुसले आणि कसं लटकवलं ते दाखवा म्हणाल्या. दाखवलं. त्यांनी रिकामी थैली हातावर तोलली. गोणपाटाची, जाड.

“मास्तर, थैली काऊन मोजली?”

आयुष्यभर बाजारात माळवं विकलेली बाई. नुसत्या वजनाला दोरा बांधला, चापाला अडकवला, पिस्तूल उभं धरलं. वजन तसंच लटकत राहिलं. हातही हलला नाही. उत्तमराव म्हणाले, मास्तरले बाजारात पाठवू नका, वांग्यासंगं टोपलं इकत घेतीन! मला वाईट वाटायला हवं होतं. इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

मग सगळं कळलं. पिस्तूल त्यांच्या मुलीचं, काजलचं. ती लग्न होऊन गेली, ते ट्रंकेत राहिलं. झुंबरबाईंनी काढलं. रोज दुपारी, स्वयंपाक उरकल्यावर, गोठ्याच्या भिंतीला कार्ड लावून. सहा वर्षं. लोक हसतील म्हणून विकताना नवरा पुढं. नवऱ्याला काटा कुठला तेही माहीत नाही.

“पण सांगून देते,” झुंबरबाई म्हणाल्या. “खोट आहे याच्यात.”

उत्तमराव राहू दे म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही. पिठाचा डबा आणला. आत जुनी कार्डं, वर्षवार बांधलेली. आधी भोकं कार्डभर. मग हळूहळू मधल्या काळ्या गोलात. मागच्या दिवाळीपासून — दोन घोळके. शेजारी शेजारी.

“दोन जागी मारते आता ते. म्हून विकून राह्यली मी. पन तुह्या पोरीचं नुसकान नको.”

मलिहानं स्वतःचं गुरुवारचं कार्ड त्यांच्या कार्डाशेजारी ठेवलं. एकच भोक. बराच वेळ पाहत राहिली.

“काकी, चंद्र एक दिसतो का दोन?”

झुंबरबाई हसल्या. “कवाचेच दोन दिसतात, माय. वय झालं.”

येताना पिस्तूल आमच्याकडेच. चाचणी होईपर्यंत ठेव म्हणाल्या, मग पाहू.

२३ नोव्हेंबर

चौथी आली. चौघींनाच घेतात. आयशा रडली. मी कॉलेजचे पेपर तपासायला बसलो — एकही तपासला नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सौदा पक्का करायला निघालो तर कपाटात पिस्तूल नाही. मलिहाही नाही.

संध्याकाळी आली. झुंबरबाईंना मेहकरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. मोतीबिंदू. बुधवारी काढणार. पिस्तूल त्यांना देऊन आली; डोळा बरा झाला की पुन्हा त्याच मारतील. सोमवारपासून पुन्हा क्लबचंच पिस्तूल, पाच मुलींत तिची पाळी पाचवी.

मी काही बोलायच्या आत म्हणाली, “चांगलं आहे ते, अब्बा. म्हणून तर घेत नाही.”