मोहरीचा वाफा

३ नोव्हेंबर
आले बाई एकदाची! बॅटऱ्यांचा बंद पडलेला कारखाना, मागे मोहरीचे हिरवेगार वाफे आणि कडेला माझी खोली. पांढऱ्या भिंती, मोठी खिडकी, न गळणारा नळ. आणखी काय हवं? इथल्या जमिनीत शिसं मुरलंय. मोहरी ते मुळांनी ओढून घेते. मग ती उपटायची, भट्टीत जाळायची, राख सीलबंद करायची. लेकीला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, म्हणजे तू आता जमिनीची धुणीभांडी करणार! मावशीला छळू नकोस, शनिवारी येतेच, म्हटलं.

८ नोव्हेंबर
नियम एकच, पण कडक. शिसं प्यालेलं काहीही फाटकाबाहेर जाता कामा नये. बाहेर पडताना पहारेकरीकाका अंगावरून यंत्र फिरवतात. हिरवा दिवा लागला तेव्हा म्हणाले, सुटलीस पोरी, पळ! लेकीच्या कुशीत झोपून आले.

१७ नोव्हेंबर
हातमोज्यांनी कोवळी रोपं मोडतात, म्हणून तण उघड्या हातांनीच काढते. आज बूटही काढले. ओल्या मातीत पाय रुतले, आणि माहेरी आल्यासारखं वाटलं. जेवायची आठवणही राहिली नाही.
माझ्या वाफ्यातली माती तपासली. जवळजवळ स्वच्छ! मोठ्या बाई, म्हणजे आमच्या प्रमुख, म्हणाल्या की तुझ्या हाताला गुण आहे. मोहरी मात्र खुरटलीय.

२२ नोव्हेंबर
लाल दिवा. काका हसले नाहीत, मागे सरकले. बाई मायेनं म्हणाल्या, पुढच्या शनिवारी जा.
माझ्या आधीची बाई नोकरी सोडून कुठे गेली, असं काकांना विचारलं. म्हणाले, इथून सोडून कुणी जात नाही.

२९ नोव्हेंबर
पुन्हा लाल. फोन काढून घेतला.
तळव्यांना पांढरे तंतू फुटलेत, केसांसारखे. कापले — जीव गेला. सकाळी पुन्हा तेवढेच. मोहरीनं काही ओढलंच नव्हतं. मीच —

४ डिसेंबर
भट्टी पेटवलीय. बाई म्हणाल्या, कापणी आली. वाफ्याकडे बघत नव्हत्या.

६ डिसेंबर
वाफ्यात उभी आहे. पाय उचलत नाहीत.
फाटकाशी लेक. मला शोधत आलीय, एकटीच. आत येणाऱ्याला तपासत नाहीत — काकांनी दार उघडलं — बाई तिचा हात धरून हसताहेत, म्हणे दुसरा वाफा रिकामाच आहे —
हाक मारतेय, आवाज फुटत नाही. हे पान फाडून तिच्याकडे फेकते —
बाळा, मागे फिर. मला हात लावू नकोस. चपला काढू न