खालच्या खुंट्यांची खोली

मी, खाली सही करणारी, वय एकोणऐंशी, गुडघे सोडून बाकी सर्व शाबूत असलेली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि राजीखुशीने लिहीत आहे. दबाव आणायला काही जण आले होते. ते चहा पिऊन गेले. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. वरचे घर माझ्या एकुलत्या एका मुलाला व सुनेला समान हक्काने मिळावे. माझे दागिने मात्र एकट्या सुनेला. ती माझी औषधे कधी विसरली नाही आणि उपकारही कधी बोलून दाखवले नाहीत.

२. खालच्या खोलीतील सामान, म्हणजे बुटकी टेबले, चिमुकले झाडू व पाण्याचे छोटे जग, सगळे जिला मावशी म्हणतात त्या माझ्या सोबतिणीला. दीड ते तीन वर्षांच्या मुलांची ही खोली आम्ही दोघींनी मिळून चालवली. जग काचेचेच राहावेत. प्लास्टिकचा पडला तर काहीच होत नाही, म्हणून मूल काही शिकतही नाही. काचेचा असला की दोन वर्षांचे पोरही दोन्ही हात लावून, जीभ बाहेर काढून, जपून चालते.

३. उंच पाठीची खुर्ची धाकट्या दिरांना. मला 'बसकी बाई' हे नाव त्यांनीच ठेवले. "पोरं आपली आपण खेळतात आणि ही नुसती स्टुलावर बसून असते," असे ते आलेल्या पालकांना जिन्यातच ऐकवीत. भावजी, बसून राहणे हेच तर काम होते. मूल बुटात पाय घालायला धडपडत असताना आपला हात आवरून पाहा, घाम फुटतो. घरी ज्याला चार जण भरवत, तो मुलगा इथे केळे सोलून शेजारच्याला अर्धे देऊ लागला. एक मुलगी कोणाशीच बोलत नसे. आम्ही तिला 'बोल' म्हटले नाही, पाणी ओतायला दिले. ओतता ओतता एक दिवस तिने मला विचारले, "तुला हवं?" ती आता वकील आहे आणि हा मसुदा तिनेच तपासला. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवणार नाही.

४. खालची खोली. हे कलम मी वर्षभर कोरे ठेवले होते. मुलाला तिथे औषधांचे दुकान काढायचे होते. काल तो फळ्यांचे माप घ्यायला टेप घेऊन आला. दारात त्याची लेक, माझी सव्वादोन वर्षांची नात, सँडल घालत होती. तो मदतीला वाकला.

"हात मागे," मावशी म्हणाली.

"अगं मावशी, उलटी घालतेय ती."

"घालू दे. तुझी तर महिनाभर उलटीच असायची."

तो माझ्या स्टुलावर बसला. नातीने पट्टा लावला, तो सुटला, तिने पुन्हा लावला. मग उलट्या सँडल घालून ती त्याच्यासमोरून अशा ऐटीत गेली की त्याचे डोळे भरून आले. ती खोलीतल्या मुलांत सर्वांत बुटकी. पिशवी अडकवायला तिने टाचा उंचावल्या, पण हात पुरला नाही. मुलाने टेप उघडली आणि माप घेतले ते खुंटीचे.

"आई, ही चार बोटं खाली हवी. स्क्रूड्रायव्हर कुठे आहे?"

खुंटी काल संध्याकाळीच खाली आली. म्हणून ही खोली मी मुलाच्या नावे करत आहे. मावशीने हवी तोवर ती चालवावी आणि तिला विसावा हवा असेल तेव्हा स्टुलावर मुलाने बसावे. दुकान त्याने दुसरीकडे पाहावे.

सही : बसकी बाई

साक्षीदार : १. वर उल्लेखलेली वकील. २. मुलांचे डॉक्टर.

दोघांनी माझ्यासमोर, बुटक्या खुर्च्यांवर बसून सह्या केल्या. उठताना डॉक्टरांना बराच वेळ लागला. आम्ही कोणीही हात दिला नाही, ते आपले आपण उठले.

स्थळ : खालची खोली
दिनांक : ९ नोव्हेंबर २०१९