ओपन प्लॉटातली येळवस

लातूर, १ डिसेंबर २०२५

चि. सौ. उज्वला, माझ्या धाकट्या जावेस,
धोंडाबाईचे भरपूर आशीर्वाद. वि. वि.

फोन केला की तू आवाज मोठा करतीस अन् जळकोटातलं सगळं घर माझं बोलणं ऐकत बसतंय, म्हणून हा कागद. भाऊजींना दाखवू नको.

आमच्या कॉलनीतल्या उकिरड्याची बाग झाली, तुला ठावंच हाय. महापालिकेनं परसबागेसाठी ती मोकळी जागा आम्हा बायांना वरीसभर दिली. मेथी, चुका, शेपू, वांगी, कडंला हरभरा. आता मुदत सरून राहिली. पुढं वाढवायची तर कॉलनीच्या अध्यक्षाची, आप्पासाहेबाची सही लागती, अन् त्याला तिथं गाड्या लावायच्यात. काल मीटिंगीत म्हणला, चार वाफ्यांना काय शेत म्हणत्यात का? शेत असंल तर येळ अमावस्येला पूजा-पंगत मांडून येळवस करून दाखवा. मला आली कळ. उभी राहून म्हणलं, करू की, अन् एक सोडून दोन पंगती उठवू! त्यानंबी सगळ्यांसमोर कबूल केलं, दोन पंगती उठल्या तर सही, न्हाई तर जागा गाड्यांना. बायांनी टाळ्या पिटल्या. मकबूल शिंप्याची आबेदा, शेजारीण माझी, तिनं तर शिट्टी मारली. साठीची हाय गं ती!

पालेभाज्या हायेत, भज्जीत शिजवायला वालाच्या शेंगा तेवढ्या धाड. लोभ हाय तसाच चिकट ठिव.

तुझी,
धोंडाबाई

जळकोट, ६ डिसेंबर

ती. अक्कांस,
उज्वलाचा वाकून नमस्कार. वि. वि.

अक्का, कागद एकटीनंच वाचला, पर इतकी हसले की हे विचारत आले. मग सांगावंच लागलं.

पंगती कुणाच्या उठवणार हो? येळ अमावस्येला आख्खं लातूर दाराला कुलूप लावून आपापल्या शेतात भज्जी-आंबील खायला जातंय. त्या दिवशी बाजारात कुत्रं दिसत न्हाई. तुमच्या टाळ्यावाल्या बायाच पहिल्या एसटीनं पळतील. जलमभर शेतात येळवस केली अन् हेच कसं इसरलात? हे म्हणत्यात, वहिनीनं नागपंचमी तरी मागायची, माणसं घरी तरी असत्यात.

चेष्टा राहू द्या. ह्यांचे दादा गेल्यावर तुम्ही खोलीबाहेर येत नव्हता. तुमची सून तनुजा मला सांगायची अन् रडायची. आता तीच म्हणती, सासूबाई चहाच्या आधी खाली उतरत्यात, वांग्यांना शिव्या देत्यात. ती जागा गेली तर तुम्ही परत त्या खोलीत जाल, याचं मला भ्या वाटतंय. म्हणून शेंगा धाडल्यात, दोन पंगतींना पुरतील एवढ्या. जितून दाखवा.

तुमच्या मायेची भुकेली,
उज्वला

लातूर, २८ डिसेंबर

चि. सौ. उज्वलास,
आशीर्वाद. वि. वि.

तुझं खरं निघालं. तनुजासुदिक नवऱ्याला घेऊन माहेरच्या शेतात गेली. प्लॉटात आम्ही तिघीच. आबेदा अन् देगलूरची कमलम्मा, त्यांना शेत न्हाई; अन् मला पैज लावून बसल्यावर तुमच्या शेतात यायला तोंड न्हाई. कडब्याची झोपडीवानी कोप बांधली, आत पाच दगडांचे पांडव मांडले. पूजेला मी मागं सरकले, माझं कपाळ मोकळं. कमलम्मा खेकसली, पेरलं कुणी? तूच ना? मग बस की! बसले. पर कॉलनी सुनसान, अन् पातेलं काठोकाठ.

मग भज्जीचा वास समोरच्या मुलींच्या होस्टेलात शिरला. डॉक्टर व्हायला आलेल्या पोरी गं, परीक्षेपायी गावाकडं गेल्याच नव्हत्या. हिमायतनगरची एक खिडकीतनं ओरडली, मावशी, येळवस हाय का? आबेदा म्हणली, पुस्तक ठिव अन् ताट घेऊन ये! सगळा जिना खाली उतरला. जेवल्या, मग शेतात शिंपडत्यात तशी आंबील शिंपडत, ओलगे-ओलगे ओरडत प्लॉटभर पळाल्या. माझी अर्धी मेथी तुडवली. मी एकीलाबी रागावले न्हाई, देवाशपथ.

एक पंगत उठली. दुसरीला माणूस न्हाई. तेवढ्यात आप्पासाहेब बघायला आला. भावकीत त्याचं बिनसलंय, यंदा भावांनी शेतात बोलावलंच न्हाई. कुंपणापाशी फोनवर बोलत उभा, अन् फोन उलटा धरलेला! मी म्हणलं, येळवशीच्या दिवशी शेताच्या बांधावरनं कुणी उपाशी जात नसतंय, बसा. बसला. बाजरीचे उकडलेले उंडे कुस्करून भज्जी वरपली, खीर दोनदा घेतली. डोळ्यांत पाणी आलं, तर म्हणला तिखट हाय. मी म्हणलं, हाव, खीर लई तिखट झाली खरी.

हात धुतला अन् म्हणतो कसा, धोंडाबाई, पंगत तर एकच झाली. मी म्हणलं, पहिली पोरींची झाली. दुसरीतनं तुम्ही आत्ताच उठलात.

कमलम्मा हसून हसून चुलीत पडायची. आप्पासाहेबानं रिकामी पत्रावळ दुमडली अन् म्हणला, आणा तो मुदतीचा कागद.

अन् आता ऐक. चार दिवसानं तोच आला, मलाबी एक वाफा द्या म्हणून. बायांची बैठक बसली, गडीमाणूस घ्यायचा का न्हाई. हात वर करून ठरलं, वाफा लगेच न्हाई. संक्रांतीपर्यंत घरोघरच्या भाजीच्या साली गोळा करून खताच्या खड्ड्यात टाकायच्या, मग बघू. रोज सकाळी बादली घेऊन दारात उभा राहतो, अन् सालीत प्लास्टिक निघालं की आम्हालाच झापतो. मी सांगून ठिवलंय, आप्पासाहेब, आवाज जरा खाली. तुमची मुदत संक्रांतीला संपती, अन् पुढं वाढवायला सही आमची लागती.

माया वाढवत ऱ्हा, उतू गेली तरी चालंल.

तुझी,
धोंडाबाई