ट्रकच्या दुसऱ्या बाजूची सीट

प्रिय बाबा,

तिन्हींतला सगळ्यात चांगला पिकअप ट्रक कोणता, असं तू विचारलंस. मला त्याचं उत्तर देता येत नाही. तीन शनिवार इथल्या, बिलिंग्ज शहरातल्या तीन दुकानांत घालवले, वहीत मापं उतरवली, तरी येत नाही. "एवढी पदवी घेतलीस, आता बापाला एक ट्रक निवडून दे," असं तू फोनवर म्हणालास, तेव्हा मला वाटलं होतं, यात काय अवघड आहे!

जे पाहिलं ते लिहिते. पांढरा डिझेलवरचा. ओढण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. चार घोड्यांचा ट्रेलर लावून चढावर नेला तरी कुरकुर नाही. पण हौदा रिकामा असला की पाठीची हाडं मोजून घ्यावीत असा हादरतो, आणि किराणा दुकानासमोर लावायचा म्हणजे दोन जागा अडवतो. निळा अगदी मऊ चालतो, रोजच्या जाण्यायेण्याला झकास. मात्र हौदा इतका आखूड की तुझी ऐरण, भट्टी आणि नालांची पेटी ठेवली तर मागचा फाळका लागणार नाही. राखाडी दोन्हींच्या मधला. साडेसहा फुटी हौदा, पायरी खाली, पुढे सलग बाक. आरसे तिन्हींचेही मोठे आहेत. मागचं आणि बाजूचं दाखवणारे कॅमेरे निळ्यात सगळ्यात जास्त. तू आरशांबद्दल आणि कॅमेऱ्यांबद्दलच चारदा विचारलंस, म्हणून हे वेगळं लिहिते.

जुन्या ट्रकचंही माप घे, म्हणजे तुलना नीट होईल, हेही तूच सांगितलं होतंस. ईस्टरला घरी आले तेव्हा मी ते घेतलं. तू होल्गरकाकांच्या घोडीला नाल ठोकत होतास. तिचा खूर मांडीत घेऊन, मान खाली, खिळा एकदाही वाकडा गेला नाही. काका म्हणालेसुद्धा, "तुझा बाप म्हातारा व्हायचा विसरलाय की काय!" त्यावर तू म्हणालास, "घोड्याला माझं वय विचारू नकोस म्हणजे झालं." सगळे हसलो. मग मी ट्रकभोवती फिरले. डावी बाजू नवीसारखी. उजवीकडे सात पोचे आणि चिकटपट्टीने बांधलेला आरसा. हल्ली फाटकं अरुंद करतात, असं तू आईला सांगितलं होतंस.

त्याच दिवशी काकांकडून परत येताना चौकात रस्ता सपाट करणारं ते पिवळं मशीन उजवीकडून आलं. घराएवढं मशीन, बाबा. मी ओरडले तेव्हा तू ब्रेक दाबलास आणि म्हणालास, "हे कुठे दडून बसलं होतं?" मीही हसले. घरी आईला आपण दोघांनीही काही सांगितलं नाही. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

मापाची टेप तुझ्या ट्रकच्या पुढच्या खणात असते म्हणून दुसऱ्या दिवशी तो उघडला. टेपखाली डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली होती आणि डॉक्टरांचा फेब्रुवारीतला कागद. काचबिंदू. समोरचं शाबूत आहे, दोन्ही बाजूंचं गेलंय. शेवटची ओळ: गाडी चालवू नये. मी कागद होता तसाच ठेवला आणि ट्रकची लांबी वहीत लिहून घेतली.

तू ते का लपवलंस हे मला समजतं. एका घोड्यापासून दुसरा घोडा चाळीस मैलांवर, मध्ये बस नाही की काही नाही. ट्रक गेला की हातोडा असूनही तू घरी बसणार. पण तुला जे दिसत नाही ते कुठल्याही कॅमेऱ्याने दिसणार नाही; त्याचा पडदाही तुला मान वळवूनच बघावा लागेल. आणि समोर, मांडीत घेतलेला खूर तुला अजून माझ्यापेक्षा स्वच्छ दिसतो.

म्हणून गेल्या शनिवारी मी तिन्ही ट्रक पुन्हा पाहिले, या वेळी दुसऱ्या बाजूच्या सीटवर बसून. दुकानातला लायल म्हणाला, "ताई, स्टिअरिंग त्या बाजूला असतं." मी म्हटलं, "माहीत आहे, तुम्हीच चालवा." पांढऱ्यात चढायला पकडायची मूठ फार उंच होती. निळ्यात गुडघे अडकत होते. राखाडीत मी सहज चढले, पाय लांब केले, आणि कॉफीचा थर्मास ठेवायला तुझ्या बाजूला जागाही निघाली.

आता रागाव. आपल्या गावच्या शाळेतली नोकरी मी घेतली आहे. "शिकलीस ती इथे परत यायला नाही," हे तुझं वाक्य मला पाठ आहे. पण आडगावच्या शाळेतच शिकवायचं हे मी कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून बोलत होते, तूच ते थट्टेवारी नेत होतास. शाळा सोमवार ते गुरुवार. ते चार दिवस ट्रक मला शाळेत नेईल, शुक्रवार-शनिवार तुला घोड्यांकडे. राखाडी सोमवारीच माझ्या नावावर झाला. हौद्यात तुझ्या ऐरणीच्या मापाचे पट्टे बसवून घेतले आहेत. येत्या शुक्रवारी सकाळी सातला फाटकाशी उभी असेन. काल आई इथे मावशीकडे आली होती, तिला डॉक्टरांचं सगळं सांगितलं. ती रडली, मग मैदानात तिने ट्रक चालवून पाहिला. मागे माझ्यापेक्षा सरळ घेते. दुकानातून दोन किल्ल्या मिळाल्या होत्या. दुसरी मी तिला दिली आहे.

तुझीच,
ब्रिटा