अंगणातल्या आईला ‘बोजा’ म्हणण्यास हरकत

प्रति,
माननीय कर्ज मंजुरी अधिकारी,
फेतुआओ गृहकर्ज संस्था,
आपिया, सामोआ.

विषय : आईची कबर अंगणातून हलवण्याची अट रद्द करून छपरासाठीचे कर्ज मंजूर करण्याबाबत.

संदर्भ : आपण गेल्या सोमवारी हाती दिलेले पत्र व सोबतची शब्दार्थांची पुस्तिका.

महोदय,

मी, सिनालेई तोफाएओनो, राहणार वाइतेले-उता, सविनय कळवते की त्या दिवशी आपण मला खिडकीवर सगळ्या रांगेदेखत म्हणालात, “मावशी, आधी शब्द समजून घ्या, मग वाद घाला.” त्यानुसार पुस्तिका पूर्ण वाचली आहे. शब्द समजले. आता वाद घालते.

१. तारण : कर्ज फिटेपर्यंत घर आपल्याकडे अडकलेले, हे मान्य. हप्ते थकल्यास लिलाव, तेही मान्य. वादळाने छप्पर नेले, आम्ही ताडपत्रीखाली झोपतो, नातवंडांची अंथरुणे रोज उन्हात टाकावी लागतात. तेव्हा गरज माझी आहे, हे नाकारत नाही. आमची जमीन गावाच्या सामाईक जमिनीतली नाही. आईने हॉटेलच्या चादरी धुऊन स्वतः विकत घेतली, म्हणूनच ती आपल्याकडे गहाण ठेवता येते.

२. मूल्यांकन : आपले मूल्यमापक श्री. जेरोम लेआसी ऑकलंडमध्ये वाढलेले. भर दुपारी आले आणि थेट आईच्या कबरीवर बसले. बसेनात का! आम्हीही बसतो, तिच्यावर कपडे वाळत घालतो, मुले तिथेच अभ्यास करतात. त्यासाठीच तर ती दाराशी आहे. मी त्यांना कोको दिला, नारळाच्या रसात शिजवलेली अळूची पाने वाढली. बसल्या पाहुण्याला उठवणे आमच्या रीतीत नाही, म्हणून ती कबर आहे हे सांगितले नाही. त्यांनी अहवालात लिहिले, ‘अंगणात फरशी लावलेला पक्का बाक, स्थिती उत्तम’, आणि घराची किंमत वाढवली. आई हे ऐकून पोट धरून हसली असती.

३. बोजा : मग आपल्या वकिलांना फोटोत फरशीवरचे नाव दिसले आणि त्याच बाकाचा बोजा झाला. वाढलेली किंमत गेलीच, वर मूळचीही घटली. पुस्तिकेप्रमाणे बोजा म्हणजे मालमत्तेवर दुसऱ्या कुणाचा हक्क. आईचा हक्क आहेच, त्यात खोटे काय? पण त्याने किंमत कमी कशी होते, ते पुस्तिकेत कुठे दिले नाही. ज्यांची माणसे दाराशी निजली आहेत, त्यांच्या मालकीबद्दल इथे कुणी ब्र काढत नाही. कागद फार नंतर आले. आणि महोदय, आपल्या मातोश्रीही आपल्या दारातच आहेत, ईस्टरला मी स्वतः त्यांच्यावर फुले ठेवून आले. त्यांना आपण कोणत्या रकान्यात घातले आहे?

४. मोकळा ताबा : लिलाव झालाच तर घर आत कुणी नसलेले द्यावे लागते, म्हणून आईला महिन्याभरात सार्वजनिक दफनभूमीत हलवा, असे आपले पत्र म्हणते. सवाई बेटावर राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीला मी ते फोनवर वाचून दाखवले. ती रडली आणि म्हणाली, “छप्पर तरी होईल. आई समजून घेईल गं.”

समजून घेईल, हे मलाही ठाऊक आहे. तिने जन्मभर तेच केले. म्हणूनच या वेळी तिला समजून घ्यायला सांगणार नाही.

सबब विनंती की सदर अट वगळून कर्ज मंजूर व्हावे. नामंजूर करायचे असल्यास खुशाल करावे, ताडपत्रीची आम्हाला सवय झाली आहे. मात्र फेरमूल्यांकनास माणूस पाठवणार असाल तर आधीच कळवलेले बरे : परवा शनिवारी वाडीतल्या बायकांनी मिळून आईच्या शेजारी दुसरा चौथरा बांधला. छपराच्या खांबांसाठी आणलेले सिमेंट त्यात गेले. तो माझा आहे. अजून पुरता वाळलेला नाही, तरी श्री. लेआसी यांनी तूर्त त्यावर बसू नये.

आपली, जागची न हलणारी,
(सही)
सिनालेई तोफाएओनो
वाइतेले-उता, सोमवार

सोबत :
१. शब्दार्थांची पुस्तिका (परत).
२. दोन्ही चौथऱ्यांचा फोटो.